'अप्रूव्हल यायचंय' म्हणाले, तर काय करायचं?

(तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मोहल्ल्यात कोणी आजारी पडलं की तुमच्यापैकी बरेच जण हॉस्पिटलमध्ये सोबत जाता. रक्त जमवता, वर्गणी काढता, रात्री थांबता. आज मी त्याच्या जोडीच्या एका कामाबद्दल बोलणार आहे. कॅन्सरचा रुग्ण आहे, विमा आहे, हॉस्पिटल कॅशलेसचं आहे, डॉक्टरांनी केमोची तारीख दिली आहे. आणि काउंटरवर सांगतात, 'अप्रूव्हल यायचंय, थांबा.' घरचे थांबतात. कोणाला विचारायचं ते ठाऊक नसतं, आणि मोठ्या हॉस्पिटलात आवाज काढायचा संकोचही असतो.

कॅन्सरमध्ये हा प्रसंग एकदाच येत नाही. केमो अनेकदा 14 किंवा 21 दिवसांच्या अंतराने द्यायची असते आणि बहुतेक वेळा प्रत्येक सायकलला नवी मंजुरी लागते. सहा सायकल म्हणजे सहा वेळा तोच काउंटर. तारीख सरकली की रक्ताची तपासणी पुन्हा, गावाहून येणाऱ्याचं भाडं पुन्हा, आणि रुग्णाचा धीर खचतो तो वेगळाच.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. या थांबण्याला मर्यादा आहे. विमा नियामक म्हणजे आयआरडीएआय. त्यांनी 29 मे 2024 रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार कॅशलेसची विनंती मिळाल्यावर कंपनीने ताबडतोब, जास्तीत जास्त एका तासात निर्णय द्यायचा आहे. डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. त्यापुढे उशीर झाला आणि हॉस्पिटलने जादा पैसे लावले, तर ते कंपनीने भरायचे आहेत, रुग्णाने नाही.

मग तरी दोन-दोन दिवस का लागतात? बऱ्याचदा विनंती हॉस्पिटलमधून निघालेलीच नसते. किंवा ती गेली, पण टीपीएने, म्हणजे कंपनीसाठी कागद तपासणाऱ्या मध्यस्थ संस्थेने, 'क्वेरी' काढली आणि ती कोणी घरच्यांना सांगितलीच नाही. म्हणून काउंटरवर 'झालं का?' असं विचारू नका. तीन प्रश्न विचारा. विनंती किती वाजता पाठवली? तिचा क्लेम नंबर काय? क्वेरी आली असेल तर नेमकी कोणती? उत्तरं वेळेसकट वहीत लिहा. मग कंपनीला फोन करा, आणि त्यानंतर तेच सगळं ई-मेलने पाठवा. फोनवरचं बोलणं विसरलं जातं, ई-मेल राहतो.

क्वेरी येण्याआधीच ती टाळणं जास्त सोपं. बायोप्सीचा रिपोर्ट, स्कॅनचे रिपोर्ट आणि आजाराची स्टेज लिहिलेला कागद एका फाइलमध्ये ठेवा. डॉक्टरांकडून एक पत्र मागा, ज्यात कोणती औषधं, किती सायकल, किती दिवसांच्या अंतराने, हे सगळं असेल. पुढच्या सायकलची विनंती तारखेच्या दोन-तीन दिवस आधी पाठवायला सांगा. इम्युनोथेरपी किंवा तोंडाने घ्यायच्या केमोवर काही पॉलिसींत वेगळी मर्यादा असते, ती आधीच वाचून ठेवा.

आता खास आपल्या घरांतली अडचण. नावं. 'शेख' हे आडनाव इंग्रजीत आपण तीन-चार तऱ्हांनी लिहितो. 'मोहम्मद' एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर आखूड. आई आधारवर 'रशीदाबी', पॉलिसीवर 'रशीदा', आणि बायोप्सीच्या चिठ्ठीवर भलतंच आडनाव. आपल्याला ती एकच आई आहे, पण संगणकासमोर बसलेल्या माणसाला तीन बायका दिसतात. तेव्हा हॉस्पिटलमध्ये पहिल्याच दिवशी पॉलिसीवरचं नाव, त्याच स्पेलिंगने, नोंदवा. आधार आणि पॉलिसीतला फरक आजारपण येण्याआधी दुरुस्त करून घ्या.

दुसरी अडचण केसपेपरची. 'त्रास कधीपासून?' असं डॉक्टर विचारतात आणि घरचा कोणीतरी अंदाजाने 'चार-पाच वर्षं झाली' म्हणतो. ते लिहिलं जातं, आणि आजार पॉलिसीच्या आधीचा होता का, अशी शंका निघते. खोटं सांगायचं नाही, पण अंदाजानेही सांगायचं नाही. पॉलिसी घेताना मधुमेह, रक्तदाब, जे असेल ते लिहा. सलग 60 महिने पॉलिसी चालू राहिली, तर माहिती दडवली या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी.

एवढं करूनही मंजुरी अडली तर? आधी डॉक्टरांना विचारा, ही सायकल किती दिवस पुढे ढकलली तर चालेल. ते ठरवणं त्यांचं काम आहे. थांबता येत नसेल, तर पैसे भरून उपचार घ्या आणि नंतर भरपाईचा दावा करा. कॅशलेस नाकारलं म्हणजे दावा नाकारला असं होत नाही. मूळ बिलं आणि पावत्या मात्र जपून ठेवा. इथे मोहल्ल्याची मदत फार कामाची आहे. विमा असलेल्या घरासाठी वर्गणी काढण्याऐवजी कर्ज-ए-हसना द्या, बिनव्याजी. कंपनीकडून पैसे आले की ते परत येतील आणि ज्याच्याकडे विमाच नाही त्याच्या उपयोगी पडतील.

दावाच नाकारला, तर लेखी कारण मागा. पॉलिसीच्या कोणत्या अटीखाली नाकारला, हे कंपनीने सांगायलाच हवं, आणि तिच्या दावा समितीच्या संमतीशिवाय असा नकार देता येत नाही. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. सोबत नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा 155255 या नंबरवर नोंद करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल आहे. त्याची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात. मात्र कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जावं लागतं.

ज्यांच्याकडे खाजगी विमा नाही, त्यांच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिथेही मंजुरी लागते, पण योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतो. त्याला गाठा, आणि काम अडलं तर 155388 वर फोन करा. लोकपालाचा रस्ता या योजनेसाठी नाही.

आपल्या घरांत आजारपणात सबर करायला सांगतात. दुखणं सोसायला तो लागतोच. पण एका तासाच्या कागदासाठी दोन दिवस गप्प बसणं म्हणजे सबर नव्हे. आणि हे कागदाचं काम रुग्णाच्या किंवा रडून थकलेल्या आईच्या अंगावर टाकू नका. घरातल्या एका तरुणाने, मुलगा असो वा मुलगी, फाइल स्वतःकडे घ्यावी.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. पॉलिसी, आधार आणि रेशनकार्ड शेजारी शेजारी ठेवा आणि प्रत्येकाचं नाव अक्षर अक्षर जुळवून बघा. न जुळणारं नाव याच आठवड्यात दुरुस्तीला टाका. मग शेजारच्या घरी जा.