ढकलणारे हात

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी केलेले भाषण)



काल नावनोंदणीच्या वेळी 'छंद' या रकान्यात मी 'ताई ची' असं लिहिलं. टेबलाशी बसलेल्या आपल्या मैत्रिणीनं ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "ताईची? कुठल्या ताईची?" तेव्हापासून जो भेटतोय तो माझ्या बहिणीची चौकशी करतोय. संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत, ती मी हा खुलासा करण्यातच घालवणार आहे.

पूर्ण नाव ताई ची छुआन. त्यातल्या छुआनचा अर्थ मूठ, म्हणजे ही मारामारीची विद्या आहे. हळूहळू हात फिरवणारी म्हातारी माणसं टीव्हीवर पाहून आपल्याला तो नाच वाटतो. हनान प्रांतात चेनजियागौ नावाचं गाव आहे, तिथल्या चेन घराण्याची ही विद्या. यांग लुचान नावाचा माणूस ती तिथं शिकला आणि एकोणिसाव्या शतकात त्यानं ती बीजिंगला नेली. शिंगयी, बाग्वा आणि ही, अशा तिघींना चिनी लोक 'आतल्या घरच्या' कला म्हणतात. दंडातल्या जोरापेक्षा श्वास, कंबर आणि जमिनीवर टेकलेला पाय यांवर भर, असा त्याचा ढोबळ अर्थ. १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगानं सामान्य लोकांसाठी २४ हालचालींचा एक छोटा संच बसवला. मी करतो तो हाच. त्यातल्या हालचालींची नावंही छान आहेत. पांढरा करकोचा पंख पसरतो, ढगांसारखे हात फिरतात, रानघोड्याची आयाळ दुभंगते. आपल्या मराठीच्या बाईंना आवडली असती.

हे तू का करतोस, असं कुणी विचारलं की मी 'बीपीसाठी' असं सांगतो. बीपी आहेच. पण ते कारण सोयीचं आहे. खरं कारण आज इथंच सांगायला हवं, कारण ते याच शाळेत सुरू झालं.

नववीत, १९७९ च्या पावसाळ्यात, मैदानाकडच्या पाण्याच्या टाकीपाशी रांगेवरून भांडण झालं आणि मी आपल्या एका वर्गमित्राला ढकललं. तो दगडी पायरीवर पडला आणि त्याचं मनगट मोडलं. त्या वर्षी त्याची चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा होती. ती त्याला देता आली नाही. सरांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "शेवाळावर पाय घसरला त्याचा." तो काहीच बोलला नाही. सर, तुम्ही समोर बसला आहात. शेवाळ होतं हे खरं, पण तो घसरला नव्हता.

पुढची दोन वर्षं आम्ही एकाच वर्गात होतो. मी त्याच्याशी बोलायचं टाळत राहिलो.

आमच्या घरात आठ माग होते. वडील तापट. इचलकरंजीत मागाच्या खडखडाटात ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही, त्यामुळं आमच्याकडं राग आणि साधं बोलणं यांतला फरक बाहेरच्याला कळला नसता. मीही तसाच झालो. टेक्स्टाइलचं शिकलो, बिनधोट्याच्या मागांच्या व्यवहारात पडलो आणि २००८ ते २०११ अशी तीन वर्षं कंपनीनं मला शांघायला ठेवलं. तिथं एकदा गोदामात माल चुकीचा भरला म्हणून एका पोराच्या छातीवर हात ठेवून मी त्याला मागं रेटलं. पोरगं पडलं नाही. नुसतं माझ्या हाताकडं बघत राहिलं. टाकीपाशीची ती पायरी मला तिथं, परमुलखात, लख्ख दिसली. वय वर्षं चव्वेचाळीस, दोन मुलांचा बाप, आणि हात नववीतलेच.

घराजवळ फुशिंग पार्क होतं, मोठमोठ्या झाडांचं. तिथं मार्क्स आणि एंगल्स यांचा दगडी पुतळा आहे आणि सकाळी त्यांच्या देखत निम्मं शहर हातपाय हलवत असतं. तिथल्या एका गटाला सत्तरीच्या एक बाई शिकवायच्या. सगळे त्यांना 'लाओशी' म्हणत, म्हणजे 'सर' किंवा 'बाई'. माझं चिनी भाजी घेण्यापुरतं, त्यामुळं त्या बोलायच्याच नाहीत. माझा खांदा वर गेला की दोन बोटं त्यावर ठेवायच्या आणि तो खाली येईपर्यंत उभ्या राहायच्या. आपल्या पीटीच्या सरांची पद्धत वेगळी होती, ते असो.

हालचाल कशी हवी, तर कोशातून रेशीम काढल्यासारखी. जोरात ओढलं तर धागा तुटतो, थांबलात तर गुंततो. दुभाष्यानं हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं. ताण्याचे धागे ताण वाढला की तुटतात आणि सैल पडले की कापड बिघडतं, हे मला दहाव्या वर्षापासून ठाऊक होतं. माझ्या दंडात मात्र ते कधी उतरलं नव्हतं.

सहा महिन्यांनी त्यांनी मला 'थुई शौ'ला उभं केलं. शब्दशः 'ढकलणारे हात'. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, मनगटाला मनगट लावायचं आणि एकमेकाचा तोल काढायचा. ज्याचा पाय हलला तो हरला. मी सत्तर किलोचा, त्या जेमतेम पंचेचाळीस. मी रेटलं. त्या तिथं नव्हत्याच. कंबर एवढीशी वळली आणि मी माझ्याच जोरानं पुढं जाऊन झाडाला टेकलो. लोक हसले. मी चिडून पुन्हा रेटलं, पुन्हा झाड. त्या दिवशी ते झाड मला फार जवळून बघायला मिळालं.

या खेळात मोठे दोष दोन. एक 'दिंग', म्हणजे समोरून जोर आला की आपणही तसाच रेटणं. दुसरा 'द्यू', म्हणजे हात सोडून निसटणं, स्पर्शच तोडून टाकणं. पहिला माझ्यात आहे हे मला माहीत होतं. दुसराही आहे, आणि तो दोन वर्षं एका वर्गात बसून मी केला आहे, हे तिथं कळलं.

मी परत आलो. २०१३ मध्ये वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. पुढची तीन वर्षं त्यांना पलंगावरून खुर्चीत बसवणं हे सकाळचं माझं काम होतं. सुरुवातीला मी दंड धरून ओढायचो, ते अंग ताठ करायचे, मग दोघंही ओरडायचो. मग एक दिवस हात नुसता त्यांच्या पाठीला लावून ठेवला. त्यांचं वजन कुठल्या पायावर येतंय ते हाताला कळेपर्यंत थांबलो आणि त्यांच्याबरोबर वळलो. ते उठले. रोज जमायचं असं नाही. एकदा त्यांनी धड हातानं पेजेची वाटी माझ्या अंगावर लोटली. आधीचा मी असतो तर काय झालं असतं ते तुम्ही ओळखता. त्या दिवशी मी मनगट त्यांच्या हाताला लावून बसून राहिलो. थोड्या वेळानं ते म्हणाले, "दुसरी आण." आमच्या घरात माफी याच शब्दांत मागितली जाते.

म्हणून मी हे करतो. गच्चीवर, रोज सकाळी, चाळीस मिनिटं. शेजारी म्हणतात, साहेब डास मारतायत.

काल रात्री जेवणानंतर मी आपल्या त्या मित्राला गाठलं आणि जे बोलायचं होतं ते बोललो. बेचाळीस वर्षं मनात घोळवलेलं, पण बाहेर आलं ते अगदीच मोडकंतोडकं. हे आज सांगू का, असंही विचारलं. तो म्हणाला, "सांग की. पण हात उजवा होता. तू दोनदा डावा म्हणालास." खरंच, मला इतकी वर्षं डावाच आठवत होता. त्याची चित्रकला माझ्यामुळं सुटली का, हेही विचारलं. म्हणाला, "छे रे, घरी माग होते. रेघा मारत कोण बसू देणार होतं?" हे खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून, ते मला कळलं नाही, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

ज्यांना हा प्रकार बघायचा असेल त्यांनी उद्या सकाळी साडेसहाला मैदानावर यावं. सपाट तळाचे बूट घाला, गुडघे दुखत असतील तर खुर्ची आणा, बसूनही करता येतं. टाकी पाडून तिथं आता सायकल स्टँड झालाय, त्याच्या अलीकडं थांबू. तो येतो म्हणालाय. आधी तो ढकलणार, असं ठरलंय.