श्वासाची इयत्ता

(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेले भाषण)



आरोग्याविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा चिटणीसांनी केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. आम्ही वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेले आणि पस्तीस वर्षे मुलांकडून पाढे घोकून घेतलेले एक निवृत्त शिक्षक आहोत. परंतु “गुरुजी, ज्याचे जळते त्यालाच कळते,” असे चिटणीस म्हणाले आणि आमचा नाइलाज झाला. मध्येच श्वास घेण्यासाठी थांबावे लागले, तर सभेने तो वक्तृत्वातील विराम समजावा, एवढीच विनंती.

आमच्या व्याधीचे नाव सी.ओ.पी.डी. आपल्याकडे खोकणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्यास सरसकट ‘दमेकरी’ म्हणतात. तथापि हा विकार दम्याहून निराळा आहे. यात धुराने आणि धुळीने श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात व फुफ्फुसातील वायुकोशांची नासाडी होते. हवा आत जाते, पण पुरती बाहेर पडत नाही. औषधाने कष्ट कमी होतात. गेलेले फुफ्फुस मात्र परत येत नाही. आम्ही हा रोग स्वहस्ते ओढवून घेतला. शाळेमागील चिंचेखाली मधल्या सुटीत जी बिडी पेटली, ती तीस वर्षे विझली नाही.

२०२१ साली स्पायरोमीटर नावाच्या यंत्रात फुंकण्याचा प्रसंग आला आणि निदान झाले. डॉक्टरांनी धाप मोजण्याची एक पट्टीही सांगितली. तिला शून्य ते चार अशा पायऱ्या आहेत. भारी श्रमानेच धाप लागली तर शून्य. भरभर चालताना वा चढावर लागली तर एक. सपाटीवरही समवयस्कांच्या मागे पडू लागलो तर दोन. शंभर मीटरांवर थांबावे लागले तर तीन. आणि कपडे घालतानाही दम लागून घराबाहेर पडणे अशक्य झाले तर चार. आम्ही दुसऱ्या इयत्तेत निघालो. जन्मभर मुलांना वरच्या वर्गात ढकलणाऱ्या शिक्षकास, वरच्या इयत्तेत जाणे म्हणजे अधोगती, अशी ही शाळा भेटली!

आता मुख्य मुद्दा. घरी येताच आम्ही वहीत संकल्प लिहिला : ‘महिन्याभरात पूर्ववत होणे. रोज घरापासून गणपतीच्या घाटापर्यंत दोन फेऱ्या.’ तिसऱ्या दिवशी वाईच्या त्या ओळखीच्या रस्त्यावर, एका दुकानाच्या पायरीवर आम्ही मटकन बसलो आणि पुढे महिनाभर घराबाहेर पडलो नाही. न चालण्याने पाय दुबळे झाले, आणि दुबळ्या पायांनी धाप अधिकच वाढली. तेव्हा व्यायाम शिकविणाऱ्या बाईंनी आमची वही पाहून विचारले, “गुरुजी, पहिलीच्या मुलाला तुम्ही भागाकार घालीत होता काय?” आम्ही निरुत्तर झालो.

मग संकल्प नव्याने लिहिला. पहिला आठवडा, विजेच्या दुसऱ्या खांबापर्यंत. पुढचा, तिसऱ्या खांबापर्यंत. नाकाने श्वास घ्यावयाचा आणि ओठांचा चंबू करून, घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडावयाचा. चालताना बोलता येईल इतपतच वेग ठेवावयाचा. तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी झाली. सहा मिनिटांत पूर्वी २५० मीटर चालत होतो, ते ३१० झाले. फुंकण्याच्या यंत्रावरील आकडा मात्र जवळजवळ जागच्या जागीच! फुफ्फुस तेच राहिले, परंतु त्याच फुफ्फुसावर आमचे जग साठ मीटरांनी वाढले. ‘बरे होणे’ आमच्या हाती नव्हते; खांब मोजणे होते. ज्याची गणना करता येते आणि जे आपल्या हाती आहे, तेच ध्येय धरावे, हा धडा आम्ही उतारवयात शिकलो.

वहीतील इतर कलमे थोडक्यात सांगतो. बिडी कायमची बंद. रोगाची घसरण मंदावण्यास यासारखा दुसरा उपाय नाही. डॉक्टरांनी रोज घ्यावयास सांगितलेला पंप धाप असो वा नसो घ्यावयाचा, घेण्याची रीत त्यांना करून दाखवावयाची व नंतर चूळ भरावयाची. ‘पंपाची सवय लागते’ हा समज खोटा आहे. फ्लूची लस दरवर्षी. पोट तडीस लागेल असे जेवण नको. थोडे थोडे, पण वरणा-उसळीसह. आणि कफाचा रंग बदलला किंवा धाप एकाएकी वाढली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

बंधुभगिनींनो, यापुढील गोष्ट सांगताना आम्हांस संकोच वाटतो. आमची वही भरत होती, त्या वर्षी घरच्या गणपतीपुढे आमच्या सौभाग्यवती आरतीला नुसत्या टाळ्या वाजवीत होत्या. पूर्वी त्यांचा आवाज शेजारच्या आळीत ऐकू जाई. “गात का नाही?” असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, “चार वर्षे झाली, कडवे पुरे होत नाही. तुम्हाला आज दिसले होय?” त्यांनी बिडीला कधी स्पर्शही केला नाही. पण माहेरी बालपणापासून आणि आमच्या घरी २००४ साली गॅस येईपर्यंत त्या चुलीपुढे बसल्या; नंतरही न्हाणीघरातील बंब लाकडांवरच पेटत राहिला. तपासणीत त्या तिसऱ्या इयत्तेत निघाल्या. आमच्या खोकल्यास रोग म्हणून मान मिळाला. त्यांचा खोकला आम्ही वय म्हणून सोडून दिला. आमच्या धुराची शिक्षा आम्ही भोगतो, ते न्याय्य आहे. त्यांनी भोगली ती आमच्या स्वयंपाकाची.

आता वहीत दोन रकाने आहेत. त्यांनी खांब मोजण्यास नकार दिला आणि आपले ध्येय स्वतःच सांगितले : आरती पुरी म्हणणे. गेल्या चतुर्थीस दोन कडवी झाली. तिसऱ्यास त्या थांबल्या, ओठांचा चंबू करून श्वास सोडला आणि शेवटची ओळ आमच्याबरोबर म्हटली.

संस्थेपुढे एक सूचना ठेवून रजा घेतो. पुढील संमेलनात सत्कारांचा एक तास कमी करून फुंकण्याच्या यंत्राची तपासणी ठेवावी आणि रांगेत चुलीपुढे आयुष्य काढलेल्या माउलींना पुढे उभे करावे. मंडपातील धूप-उदबत्त्यांसही थोडी विश्रांती द्यावी. आणि आज घरी गेल्यावर प्रत्येकाने एवढेच पाहावे, की आपल्या घरात कोणी गाणे सोडून नुसत्या टाळ्या तर वाजवीत नाही ना.