चौसष्टाव्या वर्षी पुन्हा ट्रॅकवर

 

मला हल्ली दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, "कर्नलसाहेब, वय हा फक्त आकडा असतो." दुसरी म्हणतात, "आता पुरे झालं, नातवंडं खेळवा." दोघांचंही मला पटत नाही. वय हा आकडा नसतो. खांद्याच्या टेंडनला विचारा, त्याला सगळं माहीत असतं. आणि नातवंडं मी खेळवतोच, शनिवार-रविवार सोडून.

मी सिग्नल्सचा माणूस. आमच्या कोअरचं 'डेअरडेव्हिल्स' हे मोटरसायकल पथक तुम्ही पाहिलं असेल. मी त्यात कधीच नव्हतो, हे आधीच सांगतो, कारण लोक गृहीत धरतात. मोटरसायकल मात्र नोकरीभर सोबत होती. ट्रॅकवर गेलो तो निवृत्तीनंतर, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, मद्रास मोटर रेस ट्रॅकवर. एक फेरी ३.७१७ किलोमीटर, १२ वळणं. तिथं शर्यत लावायला मी जात नाही. एकच वळण दहा वेळा घ्यायचं आणि अकराव्या वेळी जरा बरं घ्यायचं, एवढाच माझा खेळ.

खांदा ट्रॅकवर गेला नाही. माळ्यावरची काळी लोखंडी ट्रंक उतरवताना गेला. फौजी लोकांना ती ट्रंक माहीत आहे, नाव आणि नंबर पांढऱ्या रंगात लिहिलेली. पंधरा-सोळा बदल्या तिनं पाहिल्या आणि शेवटी माझाच उजवा खांदा घेतला. एमआरआयमध्ये दिसलं, वरची कंडरा हाडापासून पूर्ण सुटली होती. डॉक्टर म्हणाले, ती आधीपासून झिजत आली असणार, ट्रंक निमित्त झाली.

थोडं समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर आहे. खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत बसलेला लाडू. खांद्याचा सांधा म्हणजे बशीवर ठेवलेला लाडू. म्हणून तर हात सगळीकडे फिरतो. तो लाडू बशीवरून घसरू नये म्हणून चार स्नायू त्याला पुढून, वरून आणि मागून धरून असतात. यालाच रोटेटर कफ म्हणतात. दुर्बिणीतून ऑपरेशन करून, हाडात छोटे अँकर बसवून, सुटलेली कंडरा दोऱ्यानं पुन्हा हाडाला शिवतात. पण दोरा फक्त जागेवर धरतो. कंडरा हाडाला चिकटायचं काम शरीरच करतं, आणि आमच्या वयात ते सावकाश करतं. कधी कधी करतच नाही.

पहिले सहा आठवडे हात झोळीत. आरामखुर्चीत बसून झोपायचं. पायजम्याची नाडी आमच्या हिनं बांधायची. चौतीस वर्षं हुकूम सोडलेल्या माणसाला हे फार शिकवतं, एवढंच म्हणतो आणि पुढं जातो.

सहा आठवड्यांनी भिंतीवर बोटांनी चढायचं, दरवाजाला कप्पी अडकवून डाव्या हातानं उजवा वर ओढायचा. तीन महिन्यांनी रबराचे पट्टे. माझी फिजिओ बेळगावची मुलगी, माझ्या मुलीपेक्षा लहान. पहिल्याच दिवशी म्हणाली, "काका, दुखायचं थांबलं की तुम्ही मला खोटं सांगायला लागाल. सगळे सांगतात." खरं आहे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात वेदना जवळजवळ जाते, आणि जोड मात्र अजून कच्चा असतो. धोका तिथंच आहे.

लोक मला मार्क मार्केझचे व्हिडिओ पाठवतात. जुलै २०२० मध्ये स्पेनमधल्या हेरेथला त्याच्या उजव्या दंडाचं हाड मोडलं, चार ऑपरेशनं झाली, आणि २०२५ मध्ये तो पुन्हा मोटोजीपीचा विश्वविजेता झाला. जबरदस्त माणूस. पण मला त्यातला दुसराच भाग महत्त्वाचा वाटतो. पहिल्या ऑपरेशननंतर चारच दिवसांत तो गाडीवर बसला. पुढं आत बसवलेली प्लेट खराब झाली आणि दोन आठवड्यांच्या आत दुसरं ऑपरेशन करावं लागलं. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. मग मी घाई कशाला करू?

घरी खरा प्रश्न वेगळा होता. ही म्हणाली, "अहो, पुन्हा पडलात आणि शिवलेलं उसवलं, तर दुसऱ्यांदा शिवता येईल का?" मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं, दुसऱ्यांदा निकाल पहिल्याइतका चांगला मिळेल असं धरून चालू नका. हे उत्तर मी घरी जसंच्या तसं सांगितलं. तीन दिवस आमच्याकडे फारसं बोलणं झालं नाही. चौथ्या दिवशी तिनं अट घातली: फिजिओ 'हो' म्हणेपर्यंत नाही, आणि पहिल्या वेळी ती स्वतः येणार.

रस्त्याचं काय, असं तुम्ही म्हणाल. २०२२ मध्ये आपल्या देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातली जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरची. ट्रॅकवर समोरून ट्रक येत नाही, म्हैस आडवी येत नाही, झेंडा घेऊन मार्शल उभा असतो आणि अँब्युलन्स तयार असते. तरीही पडणं हे पडणंच. म्हणून मी रस्त्यावरची मोटरसायकल बंद केली आणि ट्रॅक ठेवला. हा माझा हिशेब. तो तुम्हाला उलटा वाटला तर वाटू द्या.

फिजिओनं माझी परीक्षा पार्किंगमध्ये घेतली. गाडी स्टँडवर उभी केली, मला वर बसवलं आणि हँडल सोडायला सांगितलं. "आता पुढं वाका, फक्त गुडघ्यांच्या जोरावर राहा." माझी गाडी ३१० सीसीची. सरळ पट्ट्याच्या शेवटी जोरात ब्रेक लावला की अंग पुढं फेकलं जातं. हात ताठ करून ते अडवलं, तर सगळा भार खांद्यावर येतो. टाकी मांड्यांत घट्ट धरली, तर हात सैल राहतात. हे कोणत्याही शाळेत पहिल्या दिवशी शिकवतात. खांदा धड असताना ते ऐकलं नाही तरी चालून जातं. आता चालत नाही. माझे पाच महिने मांड्या आणि पोट यांच्या व्यायामात गेले.

अकराव्या महिन्यात गेलो. सगळ्यात अवघड काय होतं सांगू? लेदरचा सूट घालणं. एका तुकड्याचा सूट, उजवा हात मागं नेऊन बाहीत घालायचा, आणि हात तिथं जातच नाही. हिनं बाही धरली, एका तमिळ पोरानं मागून खेचलं. आता दोन तुकड्यांचा, मध्ये चेन असलेला सूट घेतलाय. वर एअरबॅगचं जाकीटही.

सर्वांत हळू गटात नाव दिलं. पहिलं वळण, सी-वन, वेगात घ्यायचं उजवं वळण आहे. उजवीकडे वळायचं तर उजवं हँडल पुढं ढकलायचं असतं, म्हणजे नेमका तोच खांदा. पहिल्या दोन फेऱ्यांत मी ते फार अलगद ढकललं आणि वळण लांबत गेलं. तिसऱ्या फेरीत नीट ढकललं, गाडी आत आली, खांदा काही बोलला नाही. दिवसाची सहा सत्रं होती, मी तीन केली. चौथ्याच्या आधी हात जड वाटला, तशी गाडी ट्रेलरवर चढवली. ही सावलीत बसून स्वेटर विणत होती, चेन्नईच्या उन्हात. म्हणाली, "एवढ्यात?"

पुढची तारीख फेब्रुवारीत आहे. मागं हात नेऊन पाठ खाजवणं अजून जमत नाही, आणि डॉक्टर म्हणतात की कदाचित जमणारही नाही. आता तुमचे प्रश्न घेतो. फक्त ऑपरेशन करू की नको, हे मला विचारू नका, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. गाडीचं, सुटाचं, व्यायामाचं काहीही विचारा.