डोळे हलवून मनातली भीती जाते का?



२१ मार्च २०२४ ची सकाळ आठवते का? सहा वाजून गेले होते. हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि इकडे नांदेडातही मांडणीवरची भांडी वाजली. आम्ही सगळ्या अंगणात पळालो, थोडा वेळ बोलत उभ्या राहिलो आणि मग चहा ठेवायला आत गेलो. आमच्या गटातल्या एक मावशी मात्र आत आल्या नाहीत. दुपारपर्यंत ओट्यावर बसून होत्या. "नाकात माती गेल्यासारखी वाटतीय गं," एवढंच म्हणत होत्या.

मावशींचं माहेर औसा तालुक्यातलं, किल्लारीजवळचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून सगळं गाव झोपलं होतं. ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. दगडमातीच्या रुंद भिंती अंगावर आल्या. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ-दहा हजार माणसं गेली. सणाला माहेरी आलेल्या मावशी दुपारपर्यंत ढिगाऱ्याखाली होत्या. इतक्या वर्षांत त्या हे आम्हाला कधी बोलल्या नव्हत्या. त्या दार लावून झोपत नाहीत, याची आम्ही थट्टाच करायचो.

त्या भूकंपातून वाचलेल्या काही माणसांना महिन्याभरानं डॉक्टरांनी तपासलं होतं. तो अभ्यास १९९६ साली अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या नियतकालिकात छापून आला. गट लहान होता, पण निम्म्याहून जास्त लोकांना मानसिक त्रास निघाला. त्यात मुख्य दोन आजार होते, नैराश्य आणि पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागं राहणारा ताण.

साधी आठवण जुनी होते. लग्नात झालेलं भांडण दहा वर्षांनी हसून सांगता येतं. आघाताची आठवण कधीकधी जुनीच होत नाही. ती आठवत नाही, पुन्हा घडते. तोच वास, तोच आवाज, छातीत तीच धडधड. झोप उडते, माणूस दचकतो, ती जागा टाळतो. हे भूकंपानंच होतं असं नाही. अपघात, भाजणं, घरातली मारहाण, अत्याचार, घरच्या माणसाची आत्महत्या डोळ्यांनी पाहणं, यानंही होतं. आपल्याकडं अशा बाईला बाहेरचं लागलं म्हणतात, नाहीतर ती नाटक करते म्हणतात. दोन्ही खोटं आहे.

यावरच्या एका उपचाराचं नाव ईएमडीआर. फ्रान्सिन शपिरो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंना १९८७ साली बागेत फिरताना जाणवलं, की डोळे इकडून तिकडे हलत असताना त्रासदायक विचारांची धार कमी होते. १९८९ मध्ये त्यांनी पहिला अभ्यास छापला. उपचारात होतं असं: पहिल्या भेटींत डोळ्यांचं काहीच नसतं. तुमची हकिकत विचारतात, मन शांत करायला शिकवतात. मग त्या प्रसंगातलं एक चित्र मनात धरायचं आणि समोरच्या बाईंची बोटं डावीकडून उजवीकडे फिरतात, त्यामागं नजर न्यायची. थोडा वेळ. मग थांबून, आता काय आलं मनात, एवढं विचारतात. पुन्हा तेच. हे संमोहन नव्हे, तुम्ही पूर्ण जाग्या असता. आणि आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे, की घडलेलं सगळं तोंडानं सांगावंच लागतं असं नाही. ज्या बाईला सांगायची लाज वाटते, भीती वाटते, तिच्यासाठी ही किती मोठी गोष्ट!

गुण येतो का? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये पीटीएसडीसाठी याची शिफारस केली. आघातावर काम करणाऱ्या विचार-वर्तन उपचाराचीही तेव्हाच केली. पण डोळे हलवण्यानंच गुण येतो का, यावर संशोधकांत वाद आहे. २००१ मध्ये बरेच अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा डोळ्यांमुळं वेगळा फायदा दिसला नाही. २०१३ मध्ये पुन्हा तपासले, तेव्हा दिसला. एक स्पष्टीकरण आम्हाला पटतं. पायलीनं ज्वारी मोजताना कुणी बोललं की मोज चुकते, कारण मनाला एका वेळी दोन्ही पेलत नाही. तसंच, नजर बोटांमागं धावत असताना ते चित्र पूर्ण ताकदीनं मनात उभं राहत नाही. फिकं पडतं, आणि फिकंच परत साठवलं जातं.

किल्लारीच्या वेळी आपल्याकडं हे पोचलं नव्हतं. २००१ च्या भुजच्या भूकंपानंतर परदेशी शिक्षकांनी इथल्या मानसतज्ज्ञांना ते शिकवलं.

म्हणून एक विनंती आहे, जरा कडक. हे मोबाईलवर बघून घरी करू नका, जावेवर-नणंदेवर तर नकोच. जुनी जखम उघडली आणि बंद करता आली नाही, तर त्रास वाढतो. उपचार करणाऱ्यांना सरळ विचारा, की याचं रीतसर प्रशिक्षण कुठं घेतलं? विचारण्यात अपमान नाही. आपण शिवणक्लासलासुद्धा विचारतो. आणि जी बाई आजही त्याच घरात मार खाते, तिला आधी सुरक्षित जागा हवी, उपचार त्यानंतर.

मावशींना आम्ही हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "डोळे हलवायला काय जातंय? पण त्या बाईंना दार उघडं ठेवायला सांगा." पहिल्या दोन भेटी दार उघडं ठेवूनच झाल्या. आता सहा भेटी झाल्यात. वीज कडाडली की मावशी अजून उठून बसतात, दारही अजून लावत नाहीत. पण नाकातला मातीचा वास गेला म्हणतात.

कुठून सुरुवात करावी कळत नसेल, तर सरकारच्या टेली-मानसला फोन करा. दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. क्रमांक आहे १४४१६. पेन घ्या, पुन्हा सांगतो: एक, चार, चार, एक, सहा.