विद्यापीठाचे नाव आणि पदवीची किंमत

(सोलापूर येथे नवदीक्षित कुटुंबांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



आज मी धम्मचर्चेसाठी उभा नाही. ते काम माझ्याहून अधिकारी माणसांनी ह्याच जागी केलेले आहे. मी व्यवसायाने वकील आहे आणि वकिलाच्या कचेरीत जे प्रश्न येतात त्यांपैकी एक आपल्यापुढे मांडणार आहे. प्रश्न साधा दिसतो. पण त्यापायी आपल्यातील कित्येक घरे कर्जात उतरत आहेत, म्हणून तो चारचौघांत बोलला गेला पाहिजे.

मागील उन्हाळ्यात एक गृहस्थ माझ्याकडे गहाणखत करून घेण्यासाठी आले. दोन एकर जिराईत जमीन, तीच त्यांची सारी इस्टेट. दोन वर्षांपूर्वीच त्यांनी सहकुटुंब दीक्षा घेतली होती. मुलगी पदवीधर झाली होती व तिला संगणकशास्त्राचे पुढील शिक्षण घ्यावयाचे होते. पुण्याच्या एका खाजगी संस्थेत व्यवस्थापन कोट्यातून जागा मिळत होती आणि त्यासाठी सावकाराकडून रक्कम उचलावयाची होती. मी विचारले, "आपल्या सोलापुरातच विद्यापीठ आहे, तेथे संगणकशास्त्र शिकविले जाते, मग तेथे का नको?" ते म्हणाले, "वकीलसाहेब, ह्या विद्यापीठाला नाव नाही. इथल्या पदवीला बाहेर कुणी विचारीत नाही म्हणतात." मी विचारले, "कोण म्हणतात?" ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "सगळेच म्हणतात."

बंधूंनो, ह्या 'सगळेच म्हणतात'चा आज आपण विचार करू. केसपुत्त नगरीच्या कालामांना तथागतांनी काय सांगितले, हे आपण वंदनेनंतरच्या प्रवचनांत ऐकतो. केवळ ऐकीव आहे म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून, कोणतीही गोष्ट खरी मानू नका, स्वतः पारखा. हा उपदेश आपण देवळाच्या बाबतीत मानला. मुलीच्या शिक्षणाच्या बाबतीत मात्र आपण पुन्हा ऐकीव गोष्टीवर जमीन गहाण टाकण्यास निघतो, ह्याला काय म्हणावे?

प्रथम ह्या नावाचा इतिहास पाहू. 1940 साली सोलापुरात दयानंद महाविद्यालय निघाले, तेव्हा येथील पदवीवर मुंबई विद्यापीठाची मुद्रा असे. 1949 मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाले आणि मुद्रा बदलली. 1962 मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले, ती पुन्हा बदलली. 1 ऑगस्ट 2004 रोजी एकट्या सोलापूर जिल्ह्याकरिता स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले आणि 2019 मध्ये त्यास पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर ह्यांचे नाव देण्यात आले. म्हणजे शहर एक, आणि चार विद्यापीठांच्या मुद्रा येथील पदवीधरांच्या हाती पडल्या.

मी स्वतः कायद्याची पदवी घेतली ती 2003 साली, सोलापुरातच. माझ्या पदवीपत्रावर शिवाजी विद्यापीठाचे नाव आहे. पुढे काही वर्षांनी त्याच महाविद्यालयातून एक तरुण उत्तीर्ण झाला आणि माझ्या हाताखाली काम करू लागला. त्याच्या पदवीपत्रावर सोलापूर विद्यापीठाचे नाव. आम्हा दोघांना शिकविणारे प्राध्यापक बहुतांशी तेच, बाके तीच, कपाटातील ग्रंथ तेच. तो एका मोठ्या शहरातील वकिलांच्या पेढीत मुलाखतीस गेला तेव्हा त्याला पहिला प्रश्न पडला, "असे विद्यापीठ आहे काय?" मला हा प्रश्न आयुष्यात कोणी विचारला नाही. मग सांगा, माझे शिक्षण त्याच्याहून श्रेष्ठ होते काय? मुळीच नाही. फरक शिक्षणात नव्हता, ऐकणाऱ्याच्या कानात होता. शिवाजी विद्यापीठाचे नाव त्या कानाला चाळीस वर्षांच्या सवयीचे होते, सोलापूरचे नव्हते. नावलौकिकाचा मोठा भाग हा वयाचा असतो, हे ह्यावरून ध्यानात घ्यावे.

आपण सोलापूरकर आहोत. चादर कशी घ्यावी हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. 'सोलापुरी' हा शिक्का कुठल्याही कापडावर मारता येतो. म्हणून जाणता गिऱ्हाईक शिक्का वाचतो आणि मग दोन बोटांत पोत धरून पाहतो. विद्यापीठाचाही पोत पाहता येतो. तो कसा पाहावा, एवढेच मला सांगावयाचे आहे.

पहिली गोष्ट कायद्याची. पदवी देण्याचा अधिकार कोणाला, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 1956 च्या कायद्याच्या बाविसाव्या कलमात सांगितले आहे. संसदेच्या वा राज्य विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, किंवा केंद्र सरकारने तसा दर्जा दिलेली अभिमत संस्था, आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था. इतरांना तो अधिकार नाही. सोलापूरचे विद्यापीठ हे राज्याच्या कायद्याखालील सार्वजनिक विद्यापीठ आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या ज्या परीक्षेस पदवीची अट आहे, त्या परीक्षेस ही पदवी आणि मुंबईची पदवी एकाच पायरीवर उभ्या राहतात. कायद्यापुढे पदवीला उच्चकुल वा नीचकुल नसते. उलट, चकचकीत माहितीपत्रके काढणाऱ्या काही संस्थांना हा अधिकारच नसतो. अशा बनावट विद्यापीठांची यादी अनुदान आयोग प्रसिद्ध करतो. पैसे भरण्यापूर्वी ती पाहावी. त्याखेरीज वकिलीसाठी बार कौन्सिलची, शिक्षकी पेशासाठी राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेची, औषधनिर्माणासाठी फार्मसी कौन्सिलची मान्यता आहे की नाही, हे त्या त्या महाविद्यालयापुरते तपासावे.

दुसरी गोष्ट मूल्यांकनाची. 1994 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय मूल्यांकन परिषद, जिला आपण 'नॅक' म्हणतो, ती चारपैकी गुण देऊन श्रेणी ठरविते. सोलापूर विद्यापीठास 2022 मध्ये 'बी प्लस प्लस' श्रेणी मिळाली, गुण 2.96. 'ए' श्रेणी 3.01 पासून सुरू होते. म्हणजे हे विद्यापीठ अग्रगण्य नव्हे, आणि टाकाऊही नव्हे. ते मधल्या पायरीच्या वरच्या कडेला आहे. दोन्ही गोष्टी प्रांजळपणे मान्य कराव्यात. आणि हे विसरू नये की महाविद्यालयाची श्रेणी विद्यापीठाहून वेगळी असते. मोठ्या विद्यापीठाखाली दुबळे महाविद्यालय असू शकते आणि लहान विद्यापीठाखाली भक्कम. मूल तर महाविद्यालयात बसते.

केंद्र सरकार 2016 पासून शिक्षणसंस्थांची क्रमवारी लावते. त्यात विद्यापीठांना शंभरपैकी जे गुण दिले जातात त्यांत अध्यापन व साधनसामग्रीला तीस, संशोधनाला तीस, विद्यार्थ्यांच्या यशाला वीस, सर्वसमावेशकतेला दहा, आणि नावलौकिकाला, म्हणजे लोकांच्या समजाला, केवळ दहा. जेथे सरकार नावाला शंभरात दहा गुण देते, तेथे आपण शंभरच्या शंभर देऊन मोकळे होतो!

तिसरी गोष्ट विभागाची. 1857 चे मुंबई विद्यापीठ आरंभी केवळ परीक्षा घेणारे होते. 1920 च्या दशकात विद्यापीठ सुधारणा समितीपुढे मत मांडताना बाबासाहेबांनी ह्याच व्यवस्थेवर बोट ठेवले होते. विद्यापीठाने परीक्षा घेऊन थांबू नये, शिकविण्याचे आणि संशोधनाचे काम स्वतः अंगावर घ्यावे, हा त्यांचा आग्रह होता. तीच कसोटी आपण लावावी. केगावच्या आवारात एक दिवस मुलीला घेऊन जा. ज्या विषयाला तिला जावयाचे आहे त्या विभागात कायम नेमणुकीचे अध्यापक किती आणि तासिकेवरचे किती, हे विचारा. प्रयोगशाळेत उपकरणे चालू आहेत की झाकलेली आहेत, ते पाहा. ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते, ते विचारा. आणि त्याच विभागातून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या पाच जणांना गाठून ते आज काय करतात, ते ऐका. नातेवाइकांच्या पन्नास मतांपेक्षा ह्या पाच साक्षी मोलाच्या आहेत. कोर्टातही ऐकीव साक्ष ग्राह्य धरीत नाहीत.

चौथी गोष्ट पैशाची. अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांचा समावेश करणारी दुरुस्ती संसदेने 1990 मध्ये केली. तीवर आपल्या मुलांच्या केंद्रीय सवलती उभ्या आहेत. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, समाजकल्याण खात्याची वसतिगृहे, वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वाधार योजना, ह्या सर्व मार्गांनी गरीब मुलाचे शिक्षण कर्जाविना होऊ शकते. परंतु प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून न घेता व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर शुल्काची सवलत हातची जाते. माझ्याकडे आलेल्या त्या गृहस्थांना हे कोणी सांगितले नव्हते. नावासाठी ते हक्क सोडीत होते आणि वर जमीन देत होते.

आता दुसरी बाजू सांगितली नाही तर मी न्याय केला असे होणार नाही. लहान विद्यापीठाच्या मर्यादा खऱ्या आहेत. एका जिल्ह्याच्या विद्यापीठात मुले बहुतेक त्याच जिल्ह्यातील भेटतात. मोठ्या कंपन्या नोकऱ्या देण्यासाठी पुण्या-मुंबईकडे अधिक जातात. खाजगी नोकरीत नावाची पारख होते, आणि ती पुष्कळदा अन्यायाची असते. परंतु ती नाही असे मी म्हणणार नाही. म्हणून गुणवत्तेवर, सवलतीसह, दुसरीकडे अधिक चांगल्या विभागात जागा मिळत असेल तर अवश्य जावे. त्याच उन्हाळ्यात एका मुलाला मुंबईच्या शासकीय संस्थेत अशी जागा मिळाली. त्याची आई त्याला पाठविण्यास कचरत होती. तिला मी सांगितले, "आई, त्याला आजच गाडीत बसवा." माझा विरोध पुण्या-मुंबईला नाही, केवळ नावासाठी घर विकण्याला आहे.

आणखी एक गोष्ट. ज्या संस्थांची नावे आज आपण अभिमानाने घेतो, त्या जन्मल्या तेव्हा निनावीच होत्या. बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 मध्ये आपल्या ह्याच सोलापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले, तेव्हा त्याला कोणता लौकिक होता? बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, 1950 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंदचा पाया घातला. मराठवाड्याला तेव्हा स्वतःचे विद्यापीठही नव्हते. ते 1958 मध्ये झाले, आणि 1994 मध्ये त्यास बाबासाहेबांचे नाव मिळाले. ह्या संस्थांना नाव आणून दिले ते तेथे शिकलेल्या गरिबांच्या मुलांनी. संस्था विद्यार्थ्याला नाव देते हे खरे. परंतु आरंभी विद्यार्थीच संस्थेला नाव देतो.

सोलापूरचे विद्यापीठ वयाने दोन तपांच्या आत-बाहेर आहे. अकरा तालुक्यांतील कित्येक मुली आज पदव्युत्तर वर्गात बसतात त्या केवळ ते घरापासून एसटीच्या अंतरावर आहे म्हणून. दोनशे किलोमीटरहून दूर कोल्हापूरला त्यांतील किती जणींना पाठविले गेले असते, हे ज्याने त्याने आपल्या घरात पाहून ठरवावे. आणि येथील पदवी घेतली म्हणजे पुढची दारे बंद झाली असेही नाही. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थी ज्या परदेशी विद्यापीठात जाणार त्याचा जागतिक क्रम पाहतात. पदवी सोलापूरची की मुंबईची, हे पाहत नाहीत.

त्या गृहस्थांचे काय झाले, हे आपण विचाराल. गहाणखत झाले नाही. ते मुलीला घेऊन केगावला गेले, विभाग पाहिला, दोन मुलींशी बोलले, आणि अर्ज भरून आले. ती पुढे किती मोठी होईल हे मी सांगू शकत नाही. तिचे पहिले वर्ष पुरे झाले आहे आणि सातबारा अजून वडिलांच्या नावावर बोजाविना आहे, एवढे सांगू शकतो.

बंधूंनो, जन्माच्या नावावरून माणसाची किंमत ठरविणाऱ्या व्यवस्थेतून आपण बाहेर आलो आहोत. आता पदवीच्या नावावरून आपल्याच मुलांची किंमत ठरवू नका. पारखा, विचारा, हिशेब करा आणि मग निर्णय घ्या. ज्याला कागद पाहून घ्यावयाचे असतील त्याने माझ्या कचेरीत यावे. त्याची फी मी घेत नाही.

इतके सांगून मी आपली रजा घेतो. जयभीम.