दयामरण नेमकं कुणाचं?

(तरुणांच्या शिबिरात एका पशुवैद्यक भगिनीने केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी विषय ठरवताना मला आधीच सांगून ठेवलं होतं, "डॉक्टर, आमच्या मुलांना कुत्र्यांचा विषय आपला वाटत नाही." खरं आहे. आपल्या बहुतेक घरांत कुत्रा नसतो. माझ्या फुफूला तर अजून पटलेलं नाही की एवढं शिकून मी जनावरांची डॉक्टर का झाले. म्हणून मी सुरुवात आपल्या गल्लीपासून न करता तुर्कस्तानापासून करते. तिथे हा प्रश्न रस्त्यावर आला, संसदेत गेला आणि शेवटी घटना न्यायालयापर्यंत पोहोचला.

30 जुलै 2024. रात्रभर चाललेल्या चर्चेनंतर तुर्कस्तानच्या संसदेने एक कायदा मंजूर केला. रस्त्यावरचे कुत्रे नगरपालिकांनी पकडायचे, निवारा केंद्रात ठेवायचे आणि कुणी दत्तक नेईपर्यंत तिथेच ठेवायचे. त्याआधी 2004 चा कायदा होता. त्याप्रमाणे कुत्रा पकडून त्याचं निर्बीजीकरण करायचं, रेबीजची लस टोचायची आणि जिथून उचलला तिथे परत सोडायचा. आपल्याकडे आहे तसंच. नवा कायदा म्हणाला, परत सोडायचं नाही. केंद्रं बांधायला 2028 अखेरपर्यंत मुदत, आणि जो महापौर हे करणार नाही त्याला सहा महिने ते दोन वर्षांची कैद.

सुरुवातीच्या प्रस्तावात असं होतं की तीस दिवसांत कुणी नेला नाही तर त्या कुत्र्याला दयामरण द्यायचं. लोक खवळले, मोर्चे निघाले, विरोधकांनी त्याला 'कत्तलीचा कायदा' असं नाव दिलं. मग सत्ताधाऱ्यांनी 'दयामरण' हा शब्दच मसुद्यातून काढून टाकला. त्याच्या जागी पशुवैद्यकीय सेवांच्या जुन्या कायद्यातल्या एका कलमाचा नुसता हवाला दिला. ते कलम उघडून वाचलं की कोणत्या परिस्थितीत जनावराला मारता येतं ते त्यात आहेच. शब्द गेला, इंजेक्शन राहिलं.

आता हिशेब बघा. सरकारचाच अंदाज होता की देशात सुमारे 40 लाख मोकाट कुत्रे आहेत. निवारा केंद्रं 322, आणि त्यांत जागा 1 लाख 5 हजार कुत्र्यांची. म्हणजे एका जागेमागे 38 कुत्रे. ज्याने हा कायदा लिहिला त्याला भागाकार येत नव्हता असं मला वाटत नाही.

पण दुसरी बाजूही ऐका, कारण ती खोटी नाही. तुर्कस्तानात या कायद्याची मागणी करणाऱ्यांमध्ये मुलं गमावलेले आईबाप होते. कुत्र्यांचा कळप मागे लागला म्हणून पळताना गाडीखाली सापडलेल्या मुलीचे आईबाप होते. प्राण्यांवर प्रेम करणारे लोक अशा आईबापांपुढे आकडे फेकतात, तेव्हा मला लाज वाटते. ज्या आईचं पोर गेलं तिला 'परिसंस्था' समजावून सांगायला जाऊ नये.

इस्तंबूलला या विषयाची एक जुनी जखमही आहे. उस्मानी काळात तिथले कुत्रे 'महल्ले'चे मानले जात. आपण मोहल्ला म्हणतो तोच शब्द. कुणा एकाच्या मालकीचे नसले तरी गल्ली त्यांना ओळखायची, खायला घालायची. 1910 मध्ये शहर आधुनिक दिसावं म्हणून नव्या राजवटीने हजारो कुत्रे पकडले, बोटींत भरले आणि मार्मारा समुद्रातल्या एका उजाड खडकाळ बेटावर नेऊन सोडले. तिथे पाणी नव्हतं, अन्न नव्हतं. वारा शहराकडे वाहायचा तेव्हा त्यांचं विव्हळणं ऐकू यायचं, अशा आठवणी लोकांनी लिहून ठेवल्या आहेत. आणि लक्षात घ्या, तिथे कुणी कुणाला 'मारलं' नव्हतं. फक्त हलवलं होतं.

हे मी मुद्दाम सांगते आहे. निवारा केंद्रांच्या वादात दोन माणसं नेहमी भांडताना दिसतात. एक म्हणतो मारा, दुसरा म्हणतो मारू नका. मधल्या गोष्टीकडे दोघांचंही लक्ष नसतं.

या वादाची मोठी शाळा म्हणजे अमेरिका. तिथे रस्त्यावर कुत्रे फारसे नाहीत, पण निवारा केंद्रांत मरणारे पूर्वी दरवर्षी कोटीच्या घरात असत. 1994 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत प्राणी संघटनेने आणि शहराच्या प्राणी विभागाने करार केला की निरोगी कुत्रं किंवा मांजर केवळ जागा नाही म्हणून मारायचं नाही. त्यातून 'नो-किल' चळवळ उभी राहिली. आज साधारणपणे आलेल्या शंभरांतली नव्वद जनावरं जिवंत बाहेर पडली, तर ते केंद्र 'नो-किल' मानतात. उरलेल्या दहांत असाध्य आजारी, भयंकर जखमी आणि खरोखर धोकादायक जनावरं येतात, असं गृहीत धरलेलं आहे. फायदा नक्कीच झाला. एका मोठ्या अमेरिकी संघटनेच्या अंदाजानुसार 2011 मध्ये वर्षाला सुमारे 26 लाख जनावरं मारली जात होती, 2019 पर्यंत ती संख्या 9 लाख 20 हजारांच्या आसपास आली. निर्बीजीकरण वाढलं, दत्तक घेणारे वाढले, म्हणून.

पण काही केंद्रांनी दुसरीच युक्ती काढली. आकडा नव्वदच्या वर ठेवायचा तर म्हातारं, आजारी, चावरं जनावर दारातच नाकारायचं. मग ते जनावर जातं कुठे? 'पेटा' या संघटनेचं व्हर्जिनियातल्या नॉरफोक शहरात स्वतःचं केंद्र आहे, आणि तिथे येणाऱ्या बहुतेक जनावरांना दयामरण दिलं जातं. प्राणिहक्कांसाठी जगभर ओरडणारी संघटना हे करते, म्हणून तिच्यावर कडक टीका होते. त्यांचं उत्तर असं की इतरांनी हाकलून दिलेली जनावरं आम्ही घेतो. मला त्यांचं सगळं पटत नाही. निरोगी जनावर मारणं तर नाहीच पटत. पण प्रश्न त्यांनी बरोबर विचारला आहे. दार बंद करणारा स्वच्छ राहतो, आणि उघडणाऱ्याचे हात बरबटतात.

मी स्वतः हे इंजेक्शन दिलेलं आहे. ट्रकखाली येऊन पाठीचा कणा मोडलेला कुत्रा असतो, मागचं धड ओढत चार दिवस फिरलेला, जखमेत किडे पडलेले. पेंटोबार्बिटल शिरेतून आत जातं, काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि मग हृदय थांबतं. ते दयामरण आहे. माझ्या मनात त्याबद्दल शंका नाही.

आता दुसरा कुत्रा घ्या. तीन वर्षांचा, धडधाकट, शेपटी हलवणारा. पिंजरे भरले म्हणून त्याला तेच औषध, तसंच, तेवढ्याच सेकंदांत. कागदावर शब्दही तोच. यात दया कुणावर झाली? बजेटवर. कधीकधी कदाचित दुसरा इलाजही नसेल, पण मग त्याला खरं नाव द्या. जागा नव्हती म्हणून मारला, असं लिहा.

आणि तिसरा कुत्रा कोणत्याच वादात येत नाही. जिथे दहा ठेवायचे तिथे चाळीस कोंबले, एकाला डिस्टेंपर झाला, दुसऱ्याला पार्व्हो, कमकुवत पिल्लांपर्यंत अन्न पोहोचलंच नाही. आठवड्याभरात ती संपली. इंजेक्शन दिलं नाही, म्हणजे दयामरण नाही. नोंदवहीत असलंच तर 'आजाराने मृत'. मार्मारातल्या त्या बेटाचं हे लहान रूप आहे. माझ्या मते सगळ्यांत वाईट मरण हेच, कारण निर्णय घेणारं कुणी नसतं आणि म्हणून जबाबदारही कुणी नसतं.

आता आपल्याकडे या. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात मोकाट कुत्र्यांना ठरवून दिलेल्या पद्धतीने मारायला वाव आहे. 2001 चे आणि आता 2023 चे नियम मात्र निर्बीजीकरण, लसीकरण आणि परत सोडणं हा मार्ग सांगतात. या विसंगतीवर वर्षानुवर्षं खटले चालले. मुंबई महापालिका 1994 पर्यंत कुत्रे मारत होती, मग निर्बीजीकरणाकडे वळली. 2008 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बहुमताने म्हटलं की उपद्रवी कुत्रे मारण्याचा अधिकार पालिकांना आहे. पुढच्याच महिन्यात, जानेवारी 2009 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

मग आलं 2025. 11 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली आणि आजूबाजूच्या शहरांतले सगळे मोकाट कुत्रे केंद्रांत ठेवा म्हणून सांगितलं. 22 ऑगस्टला तीन न्यायमूर्तींनी ते बदललं: रेबीजचे, संशयित आणि आक्रमक सोडून बाकीचे लस देऊन परत सोडा. 7 नोव्हेंबरला पुन्हा आदेश आला की देशभरातल्या शाळा, रुग्णालयं, बस स्थानकं, रेल्वे स्थानकं इथले कुत्रे उचलून केंद्रात न्या आणि तिथे परत सोडू नका. म्हणजे इस्तंबूलचा प्रश्न आता आपल्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर आला आहे. केंद्र कुठे आहे? बहुतेक गावांत पालिकेकडे गुरांचा कोंडवाडासुद्धा धड नाही.

2023 च्या नियमांत दयामरणाबद्दल स्पष्ट लिहिलेलं आहे. फक्त असाध्य आजारी किंवा प्राणघातक जखमी कुत्रा. निदान नेमलेल्या पथकाने करायचं. औषध पशुवैद्यानेच द्यायचं. कारणाची नोंद ठेवायची. मेल्याची खात्री केल्याशिवाय विल्हेवाट लावायची नाही. आणि एका कुत्र्यासमोर दुसऱ्याला मारायचं नाही.

हे शेवटचं वाक्य ऐकून तुम्हाला काही आठवलं का? आपल्याकडे एका जनावरासमोर दुसरं जिबह करणं मकरूह मानतात. त्याच्या डोळ्यांदेखत सुरी परजू नये, असं शिकवतात. जीव घ्यावाच लागला तर तोही नीट, कमीत कमी त्रास देऊन घ्या, ही मुहम्मद पैगंबरांची (स.) शिकवण हदीसमध्ये आहे. बकरी ईद आली की तुमच्यापैकी अनेकांना मोबाइलवर टोमणे येतात, "तुम्ही कापता आणि आम्हाला दया शिकवता?" त्यावर चिडून उत्तर देऊ नका. सांगा की आमच्यात जीव घेणाऱ्याला नाव असतं, तो समोर उभा असतो, त्याला नियम असतात. निवारा केंद्रातल्या मरणालाही एवढंच हवं आहे. मात्र हे सांगण्याआधी आपल्या गल्लीत ईदच्या दिवशी ते नियम किती पाळले जातात, हेही एकदा पाहून घ्या. मी पाहिलेलं आहे.

कुत्रा नापाक, हे वाक्य आपण सगळे ऐकत मोठे झालो. त्याच्या लाळेविषयी मजहबांत एकमत नाही. मालिकी फिक्हात तर कुत्रा पाक मानतात. ते आलिमांवर सोडू. पण नापाकी वेगळी आणि नफरत वेगळी. कपडा धुता येतो. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्याला माफी मिळाल्याची हदीस तुम्हाला मदरशात सांगितली असेलच. पोरं मशिदीच्या मागे कुत्र्याला दगड मारतात तेव्हा ती कुणाला आठवत नाही.

आणि आपल्या मोहल्ल्यात कुत्रे जास्त का, याचं कारण सरळ आहे. चिकनच्या दुकानामागे टाकलेली आतडी, उघडी गटारं, दोन-दोन दिवस न येणारी घंटागाडी. जिथे खायला मिळतं तिथे ते राहतात. त्यांना पकडून नेलं आणि कचरा तसाच राहिला, तर पलीकडच्या गल्लीतले, लस न टोचलेले येतात. गोव्याने हे ओळखलं. वर्षानुवर्षं घरोघर, रस्तोरस्ती फिरून कुत्र्यांना पाच लाखांवर लसी टोचल्या. 2021 मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झालं, तेव्हा तीन वर्षांत तिथे रेबीजने एकही माणूस दगावलेला नव्हता. दहा कुत्र्यांतल्या सात जणांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते. सगळे कोंडायची गरज नाही.

तोवर घरी एवढं नक्की सांगा: कुत्रं चावलं की चुना, हळद, मिरची काही लावायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि लगेच सरकारी दवाखान्यात जायचं. लस तिथे मिळते, आणि ठरलेल्या दिवशी सगळे डोस पुरे करायचे. जखमेतून रक्त आलं असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिनही मागायचं. मुलं वाचत नाहीत तोवर कुत्र्यांवर दया करा हे कुणी ऐकणार नाही, आणि का ऐकावं?

राहिला निवारा केंद्राचा प्रश्न. तुमच्या पालिकेने केंद्र सुरू केलं असेल, किंवा कंत्राट दिलं असेल, तर माहितीचा अधिकार तुमच्याकडे आहे. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर असावा लागतो, तेवढं सांभाळा. विचारायचं एवढंच: गेल्या वर्षभरात किती कुत्रे आत आले, किती परत सोडले, किती दत्तक गेले, किती आत मेले. मेलेल्यांपैकी प्रत्येकाचं कारण काय लिहिलं आहे, त्यावर सही कुणाची आहे, आणि केंद्राची मंजूर क्षमता किती. अर्जाचा नमुना मी मराठीत आणि उर्दूत लिहून आणला आहे, बाहेर चहाच्या टेबलावर ठेवलाय. जाताना एकेक घेऊन जा.