घरात आलेले महाविद्यालय
(विहारातील सभेत केलेले भाषण)

उपासक व उपासिकांनो,

आज मी आपणांशी आपल्याच घराच्या एका कोपऱ्याविषयी बोलणार आहे. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे महाविद्यालये बंद झाली आणि वर्ग मोबाइलवर भरू लागले. पुढे दारे उघडली. पण घरी बसून शिकण्याची रीत उरली. १९८९ साली स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ तर याच रीतीवर उभे आहे, आणि मजुरी सांभाळून शिकणाऱ्या आपल्या मुलांना त्याचा मोठा आधार आहे.

परंतु महाविद्यालय म्हणजे केवळ व्याख्यान नव्हे. बाक, दिवा, ग्रंथालय आणि चार तास कोणी हाक मारणार नाही ही हमी, हे सारे ते देत असते. वर्ग घरात आला की हा भार घरावर पडतो. चार खोल्यांच्या घराला तो जाणवत नाही. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातील शंभरांपैकी सुमारे १५ घरांतच इंटरनेट होते; संगणक तर चारांत. समान संधी ती हीच काय?

बाबासाहेब परळच्या चाळीत एका खोलीत शिकले, हे आपण अभिमानाने सांगतो. रामजी सुभेदार त्यांना रात्री दोनला उठवीत, कारण निजानीज झाल्यावाचून त्या खोलीत अभ्यास होणे कठीण. त्यात मुलाच्या जिद्दीइतकीच बापाची जाग होती. आणि आपण जागलो तसे तुम्हीही जागा, एवढ्यावर बाबासाहेबांनी विषय संपविला नाही. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले.

आता मुलीकडे पाहा. मुलगा वाचतो तेव्हा घर दबक्या पावलांनी चालते. मुलगी वाचू लागली की, "घरीच तर आहेस, पाणी आलंय, भरून घे!" तास बुडतो. एकुलता मोबाइल वडील कामावर नेतात. माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा आपण दीक्षेच्या वेळी घेतली. ती मोरीपाशी येऊन थांबावी काय? मला तर ही अडचण इंटरनेटहून मोठी वाटते, कारण तिला पैसाही लागत नाही.

हे विहार सकाळच्या वंदनेनंतर दिवसभर कुलूपबंद असते. येथे दिवा आहे, पंखा आहे, शांतता आहे. इंटरनेटचा मासिक खर्च दहा घरांनी वाटून घेतला तर कोणास जड जाणार नाही. विहाराची किल्ली उद्यापासून शिकणाऱ्या मुलींच्या हाती द्या, आणि त्या येथे असतील तेवढा वेळ पाणी आपण भरा.

जयभीम.